टेक्सासमध्ये टॅक्स नाही, पण तुमचं ऑफिस न्यू यॉर्कात आहे

पत्र असं आहे:

'नमस्कार. गेली अकरा वर्षं आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. मी मॅनहॅटनमधल्या एका कंपनीत आहे, पगार १,६५,००० डॉलर. आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने जातो, बाकी घरून काम. बायको जर्सीतल्याच एका फार्मा कंपनीत, पगार ९५,०००. मुलगी दहावीत आहे. घराची किंमत आज साडेसहा लाख, कर्ज ३,४०,००० उरलंय. २०२१ मध्ये रीफायनान्स केलं, दर २.८७५ टक्के. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला साडेबारा हजार, दर तिमाहीला चेक फाडताना जिवावर येतं.

माझे साडू टेक्सासात, डॅलसजवळच्या फ्रिस्कोला असतात. दर रविवारी फोनवर एकच पालुपद, "अहो, इथे टॅक्सच नाही, तुम्ही तिथे काय करताय?" ख्रिसमसला जाऊन आलो. त्यांच्या उत्तरेला नवी वस्ती होतेय, ६,४०,००० मध्ये आमच्या दीडपट घर. बिल्डरच्या कागदावर प्रॉपर्टी टॅक्सचा दर २.४ टक्के आहे. साडूंचा घराचा इन्शुरन्स ४,२०० आहे, आमचा १,७००. पण मी हिशेब केलाय. आम्हा दोघांचा स्टेट टॅक्स वर्षाला १३,००० च्या वर जातो. तो वाचला तर दहा वर्षांत सव्वा लाखाच्या वर! शिवाय ट्रेनचा पास आणि पार्किंगचे ३,६०० वाचतील. मॅनेजर म्हणतो कुठूनही काम कर. बायकोची कंपनीही रिमोटला तयार आहे. आम्ही एच-१बीवर आहोत, ग्रीन कार्डसाठीची कंपनीची आय-१४० याचिका मंजूर आहे. बिल्डरची ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे. बायको म्हणते, बघू. काय करावं?
— द्विधा, एडिसन'

द्विधा,

तुमच्या १३,००० पैकी साधारण ९,००० डॉलर टेक्सासला गेलात तरी वाचणार नाहीत. बिल्डरला टोकन द्यायच्या आधी ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमचा सगळा बेत त्याच आकड्यावर उभा आहे.

आज काय होतं ते पाहू. तुमचा पगार मॅनहॅटनच्या ऑफिसचा, म्हणून त्यावर पहिला हक्क न्यू यॉर्क राज्याचा. ते साधारण ९,००० घेतात. मग न्यू जर्सी तुम्हा दोघांच्या सगळ्या उत्पन्नावर कर लावते आणि न्यू यॉर्कला दिलेल्या कराचं क्रेडिट देते. त्यामुळे तुमच्या पगारावर जर्सीला जवळजवळ काही उरत नाही, उरतात ते तुमच्या मिसेसच्या पगारावरचे चार हजार आणि वर थोडे. नऊ आणि चार, तेरा. तुमची बेरीज बरोबर आहे. चूक आहे ती हे तेराही हजार जर्सीत राहण्यामुळे जातात असं धरण्यात.

न्यू यॉर्कचा एक नियम आहे, त्याला 'कन्व्हिनियन्स ऑफ द एम्प्लॉयर' म्हणतात. कर्मचारी राज्याबाहेर राहत असेल, पण त्याचं नेमून दिलेलं ऑफिस न्यू यॉर्कात असेल आणि तो स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असेल, तर घरून केलेले ते दिवससुद्धा न्यू यॉर्कात काम केल्यासारखे धरले जातात. घर हडसन नदीच्या पलीकडे असो की दीड हजार मैलांवर, काही फरक पडत नाही. 'मॅनेजर म्हणतो कुठूनही काम कर' याला त्या नियमाच्या भाषेत कर्मचाऱ्याची सोय म्हणतात. सूट मिळवायची तर कंपनीच्या गरजेपोटी तुम्ही तिथे बसलात हे दाखवावं लागतं, आणि घराला कंपनीचं खरंखुरं ऑफिस ठरवण्याच्या अटी इतक्या कडक आहेत की लॅपटॉप आणि दोन मॉनिटर ठेवलेली बेडरूम त्यात बसत नाही.

हा नियम कोर्टात टिकणार नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. टिकलाय. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये राहणाऱ्या एका संगणक प्रोग्रॅमरचा खटला २००५ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च कोर्टात, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्समध्ये निकाली निघाला. त्याची कंपनी क्वीन्समध्ये होती. तो वर्षातला साधारण पाव वेळ तिथे जाऊन काम करायचा, बाकी तीन चतुर्थांश टेनेसीतून, आणि तेवढ्याच पाव पगारावर न्यू यॉर्कला कर भरायचा. राज्याने पूर्ण पगारावर मागितला. चार विरुद्ध तीन न्यायमूर्तींनी राज्याच्या बाजूने कौल दिला. टेनेसीतही पगारावर राज्याचा कर नाही, टेक्सासमध्येही नाही. म्हणजे तुमची केस जवळपास तीच.

आणि मेख इथेच आहे. जर्सी तुम्हाला क्रेडिट देते, म्हणून न्यू यॉर्कचा कर आज तुमच्या अंगावर दुहेरी पडत नाही. टेक्सासला कर नाही, मग क्रेडिट कशावर देणार? ते ९,००० सरळ खिशातून जात राहतील, आणि एप्रिलमध्ये न्यू यॉर्कचं नॉनरेसिडेंट रिटर्न भरायचंही काही चुकणार नाही.

मिसेसच्या पगाराचं मात्र वेगळं आहे. न्यू जर्सीनेही २०२३ पासून असाच नियम आणला, पण तो फक्त ज्या राज्यांत असा नियम आहे तिथल्या रहिवाशांना जशास तसा लावतात. टेक्सासमध्ये तो नाही, म्हणून त्या फ्रिस्कोहून काम करू लागल्या की त्यांच्या पगारावर जर्सीचा कर लागणार नाही. हे चार हजार खरोखर वाचतात. गंमत बघा, पत्रात ज्यांचं मत एका शब्दात उरकलंय, त्यांच्याच नोकरीमुळे तुमची करबचत होतेय.

तुमच्या नऊ हजारांवर एकच खात्रीचा उपाय आहे. कंपनीचं डॅलस, प्लेनो किंवा आसपास कुठे ऑफिस असेल तर तुमची नेमणूक तिथे करून घ्यायची. कागदोपत्री तर हवीच, पण तिथे प्रत्यक्ष जाऊन बसायलाही हवं. मग न्यू यॉर्कला फक्त तुम्ही तिथे येऊन काम केलेल्या दिवसांपुरताच कर. कंपनी शेअर देत असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. ज्या काळात तुम्ही न्यू यॉर्कच्या ऑफिसला होतात त्या काळात मिळालेले आरएसयू, म्हणजे ठरावीक मुदतीनंतर हातात येणारे शेअर, नंतर टेक्सासमध्ये व्हेस्ट झाले, म्हणजे प्रत्यक्ष तुमचे झाले, तरी त्यांचा त्या काळापुरता हिस्सा न्यू यॉर्क मागतंच. आणि एचआरशी बोलताना हेही विचारून घ्या की जागा बदलली की पगार कापतात का. बऱ्याच कंपन्यांत शहरानुसार पगाराचे पट्टे असतात, आणि मॅनहॅटनचा पट्टा सोडून तुम्ही डॅलसच्या पट्ट्यात गेलात तर करात वाचलेलं पगारात गेलं, असं होऊ शकतं.

आता घराकडे येऊ. खरं सांगायचं तर मला करापेक्षा याचीच काळजी जास्त वाटते.

तुमच्याकडे २.८७५ टक्क्यांचं कर्ज आहे. द्विधा, असं कर्ज आज कोणी देणार नाही. ३,४०,००० वर त्याचं वर्षाचं व्याज पावणेदहा हजारांच्या आसपास येतं. घर साडेसहा लाखांना विकलंत, ब्रोकर, वकील आणि जर्सीची रियल्टी ट्रान्सफर फी धरून चाळीसेक हजार गेले, कर्ज फेडलं, तर हातात उरले दोन लाख सत्तर हजार. ते सगळेच्या सगळे नव्या घरात घातलेत तरी ३,७०,००० चं कर्ज काढावं लागेल. साडेसहा टक्के दर धरला तर पहिल्या वर्षाचं व्याज चोवीस हजार. म्हणजे करात चार हजार वाचवायला निघालेला माणूस व्याजात चौदा हजार जास्त देणार. बिल्डर पहिली दोन वर्षं दर कमी करून देतो म्हणेल. तिसऱ्या वर्षाचा हप्ता लिहून मागा.

प्रॉपर्टी टॅक्सचं तर लोकांच्या डोक्यात भलतंच चित्र असतं. टेक्सासने २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून वैयक्तिक आयकरावर बंदीच घातली, पण शाळा, काउंटी आणि शहर चालवायला पैसे लागतातच. ते घरावरून आणि विक्रीकरातून येतात. बिल्डरच्या कागदावरचा २.४ टक्क्यांचा दर जर्सीतल्या तुमच्या दरापेक्षा जास्त आहे. तुम्ही ६,५०,००० वर साडेबारा हजार भरता, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. शहराच्या कडेच्या नव्या वस्त्यांमध्ये बहुतेक वेळा एमयूडी असतो, म्हणजे पाणी आणि ड्रेनेजच्या पाइपलाइनसाठी काढलेलं कर्ज फेडायला स्थापन केलेला जिल्हा, आणि त्याचा वेगळा कर. तुमच्या २.४ मध्ये त्याचा वाटा किती आणि तो किती वर्षं चालणार, हे बिल्डरच्या सेल्समनला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर काउंटीच्या संकेतस्थळावर शोधा, सगळं उघड असतं.

दिलासा एवढाच की राहत्या घराला होमस्टेड सूट मिळते. शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून १,४०,००० वजा होतात. २०२३ मध्ये ही सूट १,००,००० झाली होती, नोव्हेंबर २०२५ च्या मतदानात ती वाढली. ढोबळ हिशेबाने तुमचा कर साडेपंधरा हजारांऐवजी साडेतेरा-पावणेचौदा हजारांवर येईल. जर्सीपेक्षा हजार-बाराशे जास्तच. या सवलतीसाठी अर्ज करावा लागतो, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याच घराचा पत्ता लागतो, म्हणून तिथे गेल्यावर लायसन्सचं काम लांबवू नका. तसंही नव्वद दिवसांत करायचंच असतं, आणि गाड्यांची नोंदणी तीस दिवसांत.

नवं घर घेणाऱ्यांना दुसऱ्या वर्षी घाम फुटतो, तो कशाने ते सांगतो. टेक्सासमध्ये घराचं मूल्यांकन १ जानेवारीच्या स्थितीवर होतं. समजा तुमचं घर जूनमध्ये बांधून झालं. त्या १ जानेवारीला तिथे नुसता प्लॉट होता, धरा एक लाख तीस हजारांचा. पहिल्या वर्षाचा कर येतो तीन हजारांच्या आसपास, आणि लेंडर एस्क्रोसाठी, म्हणजे कराचे पैसे बाजूला साठवायला, महिन्याला अडीचशे-तीनशे डॉलर घेत राहतो. तुम्हाला वाटतं, वा, काय स्वस्ताई आहे. पुढच्या जानेवारीला तिथे पूर्ण घर उभं असतं. कर येतो पावणेचौदा हजार. एस्क्रोत तेवढे नसतातच, मग लेंडर दोन गोष्टी एकदम करतो: पुढचा महिन्याचा हप्ता पूर्ण घराच्या कराप्रमाणे लावतो, आणि मागची दहा हजारांवरची तूट बारा महिन्यांत वसूल करतो. हप्ता एका पत्रात सतराशे डॉलरनी वाढतो. होमस्टेड घराचं करपात्र मूल्य वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, हे खरं आहे, पण नव्याने झालेल्या बांधकामाला ती मर्यादा लागू नाही, म्हणून या उडीत तिचा उपयोग नाही. क्लोजिंगच्या वेळी लेंडरला सांगितलं की बरेच जण पहिल्या दिवसापासून पूर्ण घराच्या किमतीवर एस्क्रो घेतात. ते नक्की करून घ्या. आणि दर वसंतात मूल्यांकनाची नोटीस आली की १५ मेच्या आत हरकत नोंदवायची, हे तिथे सगळेच करतात. त्यात संकोच कसला!

इन्शुरन्समध्ये अडीच हजारांचा फरक तुम्हीच लिहिलाय, पण साडूंना पॉलिसीतला आणखी एक आकडा विचारा: वारा आणि गारांसाठीचं डिडक्टिबल. उत्तर टेक्सासमध्ये गारपीट नेमाने छपरं फोडते, आणि तिथे हे डिडक्टिबल बऱ्याचदा डॉलरमध्ये नसतं, टक्क्यांत असतं. घराचा विमा पाच लाखांचा आणि डिडक्टिबल दोन टक्के असेल, तर छप्पर बदलताना पहिले दहा हजार तुमचे.

विक्रीकर जर्सीत ६.६२५ टक्के, टेक्सासमध्ये बहुतेक मोठ्या शहरांत ८.२५. किराण्यावर दोन्हीकडे नाही, कपड्यांवर जर्सीत नाही आणि तिथे आहे. वर्षाला काहीशे डॉलर, सोडून द्या. वीज मात्र तिथे बऱ्याच भागांत स्वतः कंपनी निवडून करारावर घ्यावी लागते. 'रात्री फुकट' असल्या योजना उन्हाळ्यात दिवसभर एसी चालणाऱ्या, दोघंही घरून काम करणाऱ्या घराला महाग पडतात.

आता सगळं एकत्र मांडू. वाचणारे: मिसेसच्या पगारावरचे चार हजार आणि काही, ट्रेन-पार्किंगचे ३,६००, आणि फेडरल करात दोन-अडीच हजार. हे शेवटचे कुठून आले? २०२५ च्या कायद्याने राज्याच्या आणि प्रॉपर्टीच्या कराची वजावट १०,००० वरून ४०,००० पर्यंत वाढवली. जास्तीचं व्याज आणि ती वजावट मिळून तुमचं आयटमायझेशन, म्हणजे एकेक खर्च दाखवून घेतलेली वजावट, वाढतं. पाच लाखांच्या पुढच्या उत्पन्नाला ही मर्यादा घटत जाते, ते तुम्हाला लागू नाही, पण २०३० पासून ती सगळ्यांनाच पुन्हा १०,००० होणार आहे. जास्त जाणारे: व्याज चौदा हजार, प्रॉपर्टी टॅक्स हजार-बाराशे, इन्शुरन्स अडीच हजार. वजाबाकी केली तर वर्षाला आठेक हजार डॉलर जास्त खर्च. कंपनीने तुम्हाला टेक्सासच्या ऑफिसला टाकलं तर न्यू यॉर्कचे नऊ हजार वाचतील, त्यातले दीड-दोन हजार फेडरल वजावट कमी झाल्याने परत जातील, आणि तुम्ही जवळपास बरोबरीत याल. सव्वा लाखाची बचत कुठेच दिसत नाही. सामान हलवायचा खर्चही यात धरलेला नाही, आणि नोकरीसाठी घर हलवण्याचा खर्च करातून वजा करायची सोय सैनिक वगैरे सोडले तर २०१८ पासून बंद आहे, आता कायमचीच. कंपनीने तो खर्च दिला तरी तो पगार म्हणून धरून त्यावर कर लागतो.

बरोबरीत येणं वाईट नाही. दीडपट घर, बहिणी-बहिणी जवळ, दिवाळीला घर भरलेलं, याला किंमत आहे आणि ती द्यावीशी वाटली तर जरूर द्या. फक्त बचत म्हणून ती खपवू नका, स्वतःलाही नाही. साडूंचं म्हणणं त्यांच्यापुरतं अगदी खरं असू शकतं. त्यांची कंपनी टेक्सासमधलीच असेल आणि त्यांनी घर दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलं असेल, तर त्यांना खरोखर राज्याचा आयकर नाही आणि मूल्यांकनाला दहा टक्क्यांची वेसणही आहे. फक्त त्यांचा हिशेब तुम्हाला लागू नाही. रविवारी फोन आला की वाद घालू नका, त्यांचं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल मागून घ्या.

व्हिसाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, पण मला ती सगळ्यात वर हवी होती. एच-१बी ठरावीक जागेसाठी असतो. घरून काम म्हणजे घर हीच कामाची जागा. एडिसनहून फ्रिस्कोला गेलात की महानगर क्षेत्र बदलतं, म्हणून कंपनीला नवं लेबर कंडिशन अप्लिकेशन (पगार आणि जागेबद्दल श्रम खात्याला द्यायचं हमीपत्र) काढून सुधारित याचिका दाखल करावी लागते, आणि तीही तुम्ही तिथे काम सुरू करण्याआधी. इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमियो सोल्युशन्स निर्णयापासून यात पळवाट उरलेली नाही. मॅनेजरच्या 'कुठूनही कर' ला इथे काडीचा अर्थ नाही. ग्रीन कार्डचं आणखी नाजूक. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डसाठी लागणारं श्रम खात्याचं प्रमाणपत्र, हे ठरावीक जागेच्या नोकरीसाठी असतं, जागा बदलली तर ते नव्याने करावं लागू शकतं. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, सहसा टिकते, पण काम, वेळ आणि कंपनीची मर्जी पुन्हा लागते. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय बिल्डरच्या कागदावर सही करू नका. पत्ता बदलल्यावर दहा दिवसांत एआर-११ भरायचा, तो तिघांचा.

मुलीचं. दहावी संपल्यावर या उन्हाळ्यात गेलात तर अकरावी-बारावी तिथे होईल, आणि कॉलेजपर्यंत बारा महिन्यांच्या वास्तव्याची अट पूर्ण होऊन टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी लागेल. एच-१बी आणि एच-४ वाल्यांना तिथे ही सोय आहे. जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातली तशी सवलत मात्र जाईल. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्यापासून शाळेतल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश मिळतो, पण ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाने (यूटी) २०२६ च्या प्रवेशांपासून हा आकडा पाच टक्क्यांवर आणलाय. फ्रिस्कोच्या शाळांत त्या पाच टक्क्यांत यायला किती मुलं जीव तोडून अभ्यास करतात, हे साडूंच्या घरी विचारा. जर्सीचे ऑनर्स आणि एपीचे (कॉलेजच्या पातळीचे) विषय तिथल्या रँकमध्ये कसे मोजणार, हे शाळेच्या काउन्सेलरकडून लेखी आणा. बारावीच्या मध्यावर हलणं हा मात्र सगळ्यात वाईट पर्याय, त्यात दोन्ही राज्यांतल्या फीची सवलत हातची जाऊ शकते. तेव्हा एकतर हा उन्हाळा, नाहीतर ती कॉलेजात स्थिरावल्यावर. आणि तिलाही विचारलंत का? पत्रात तिचं फक्त इयत्तेपुरतं नाव आहे.

मी तुमच्या जागी असतो तर बिल्डरची महिनाअखेर जाऊ दिली असती. पुढच्या महिन्यात तो दुसरी ऑफर काढेल. जायचंच ठरलं, तर पहिलं वर्ष फ्रिस्कोत भाड्याने राहीन आणि जर्सीचं घर भाड्याने देईन. त्या २.८७५ टक्क्यांच्या कर्जाला हात लावणार नाही. विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असेल तर जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर लागत नाही, म्हणजे भाड्याने दिल्यावरही विकायला साधारण तीन वर्षं हाताशी राहतात. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर थोडा कर लागेल, आणि जर्सीचं नॉनरेसिडेंट रिटर्न भरावं लागेल. टेक्सासचे रहिवासी झाल्यावर विकलंत तर क्लोजिंगलाच जर्सी काही रक्कम आगाऊ अडकवते. 'एक्झिट टॅक्स' म्हणून जी भीती घालतात ती हीच. तो वेगळा कर नाही, रिटर्न भरलं की जास्तीचं परत येतं. जर्सीत राहत असतानाच विकलंत तर जीआयटी/आरईपी-३ फॉर्मवर राहतं घर असल्याचं लिहून दिलं की तेही अडकत नाही.

जायच्या आधी मृत्युपत्रही एकदा वकिलाला दाखवा. टेक्सास हे कम्युनिटी प्रॉपर्टीचं राज्य आहे, लग्नानंतरच्या मिळकतीचे नियम तिथे वेगळे आहेत.

एचआरला ईमेल या आठवड्यात टाका आणि प्रश्न असे विचारा: टेक्सासमध्ये कंपनीचं ऑफिस आहे का, माझी नेमणूक तिथे होईल का, त्यानंतर पगारातून न्यू यॉर्कचा कर कापणं थांबेल का, आणि पगाराचा पट्टा बदलेल का. वकिलाला वेगळी ईमेल टाका. दोन्हींची उत्तरं आली की ती आधी मिसेससमोर ठेवा, साडूंना नंतर कळवलं तरी चालेल.